पणजीत बसून डिचोलीचा कॉम्प्युटर

आज पणजीत बसून डिचोलीच्या घरचा कॉम्प्युटर चालवला, आणि मन भरून आलं. आजोबांच्या हातची जुनी मराठी पत्रं आम्ही स्कॅन करून त्यात ठेवलीत. मोडी वाचणाऱ्या एका काकांना त्यातलं एक पान तातडीने हवं होतं. लॅपटॉपवर वायरगार्ड (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित खासगी वाट काढणारं व्हीपीएन) सुरू केलं आणि घरचा डेस्कटॉप समोर उघडला. कडेला वाळवीने खाल्लेलं ते पान, शाईचा डागसुद्धा स्पष्ट.

ज्यांना हे करायचंय त्यांना कळकळीने सांगतो: रिमोट डेस्कटॉपचा (दुरून विंडोज कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार, राऊटरवर थेट उघडू नका. असे पोर्ट शोधून पासवर्ड मारत बसणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. वायरगार्डचा एकच यूडीपी पोर्ट उघडा, नेहमीचा ५१८२०. ओळखीची डिजिटल किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही. (घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज होम असेल तर तो रिमोट डेस्कटॉपने बाहेरून उघडता येत नाही, विंडोज प्रो लागतं.)

राऊटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय; मग राऊटरवर पोर्ट उघडून चालणार नाही. कंपनीकडे स्वतःचा पब्लिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारं, वायरगार्डवरच बेतलेलं व्हीपीएन) वापरा.

आणि पावसात आपल्याकडे वीज जातेच, तेव्हा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सेटिंग करून ठेवा. घरी आईला फोन करून बटण दाबायला लावावं लागत नाही.