क्लच जरा कडक झालाय

रविवारी दुपारी तीनला पोर्चमध्ये मी न्यूट्रल शोधत होतो. पहिला गिअर पडत होता, दुसरा पडत होता, मधलं न्यूट्रल मात्र कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. क्लच पार मुठीला टेकेपर्यंत दाबलेला, तरी गाडी इंचाइंचाने तुळशीच्या कुंडीकडे निघालेली. शेवटी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आतून बायकोचा आवाज आला, "झालं का?" या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर अपेक्षित नसतं.

गाडी म्हणजे यामाहाची मोटारसायकल, आरएक्स हंड्रेड, 1994 ची. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. 1996 ला हे मॉडेल बंद झालं, पण साताऱ्यातल्या पोरांपर्यंत ती बातमी अजून आलेली दिसत नाही. आणि गाडीला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. क्लच लोण्यासारखा होता. दिवाळीला भाचा आला. कराडला इंजिनिअरिंगला आहे. एक फेरी मारून म्हणाला, "मामा, क्लच फारच सॉफ्ट आहे. रेसिंगच्या प्लेटा आणि हार्ड स्प्रिंगा टाकू, मग बघ." 'मामा बनवणे' हा वाक्प्रचार कुणी काढला माहीत नाही, पण त्याला भाचा होता एवढं नक्की.

तशी सगळी चूक भाच्याची नाही. चालत्या गोष्टीला हात लावायची खोड माझी जुनी आहे. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतं, म्हणजे दाखवतं तरी कसं, या कारणासाठी मी सातवीत असताना उघडलं होतं. त्यानंतर ते दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवायचं. त्या घड्याळाचे दोन स्क्रू आजही माझ्याकडे कंदी पेढ्यांच्या खोक्यात आहेत. त्या खोक्यात साधारण तीस वर्षांत उरलेले नट, वॉशर, चाप आहेत. कुठल्या वस्तूतून काय उरलं ते सांगता येणार नाही, पण टाकवतही नाही. तुमच्याकडेही असं खोकं असेलच.

तर गाडी डाव्या अंगाला कलती केली, म्हणजे ऑइल न काढता उजवीकडचं कव्हर उघडता येतं. किक काढली, कव्हर काढलं, पॅकिंग अर्थातच फाटलं. प्रेशर प्लेट काढली. पुश रॉडच्या मागे एक वाटाण्याएवढा छर्रा असतो, तो हरवला तर लिव्हर नुसती हातात लुळी पडते, हे माहीत असल्यामुळे तेवढा मी जिवापाड सांभाळला. बाकी सगळं चुकलं. नव्या प्लेटा आधी ऑइलमध्ये रात्रभर भिजवायच्या असतात, साबुदाण्यासारख्या. भाचा म्हणाला, दहा मिनिटं पुरेत. कोरड्या साबुदाण्याची खिचडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. प्लेटा एकमेकींना अशा चिकटल्या की क्लच दाबला तरी सुटेनात. म्हणून न्यूट्रल नाही, म्हणून तुळशीकडे कूच.

यावर आम्ही काय केलं? क्लच वायर ताणली. अजून थोडी ताणली. गाडी सरकायची थांबली, भाच्याने टाळी मागितली, आणि आम्ही दोघं यवतेश्वरच्या घाटाला लागलो. दुसऱ्या वळणावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी चढेना. मूठ पिळावी तेवढा आवाज वाढायचा, वेग तेवढाच. कासच्या दिशेने निघालेल्या स्कूटरवरच्या दोन मुली आम्हाला ओलांडून गेल्या, त्यातली मागची वळून हसली. भाच्याने हेल्मेटची काच खाली घेतली.

कारण साधं होतं, पण ते कळायला सोमवार उजाडला. लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक लागते. ती वायर ताणून आम्ही संपवली होती, म्हणजे हात काढला तरी क्लच किंचित दाबलेलाच. किंचित दाबलेला क्लच घसरतो. नशीब एवढंच की भाच्याने कारचं उरलेलं ऑइल ओतलं नव्हतं. त्यात काही वेळा घर्षण कमी करणारा मसाला असतो, त्याने बाइकच्या प्लेटा धरतच नाहीत. डब्यावर जासो एमए, म्हणजे बाइकच्या क्लचला चालणारं ऑइल, असं लिहिलंय का ते बघून घ्यावं लागतं.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कव्हर उघडलं, प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या कडेवरून करंगळी फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. "सायेब, प्लेटा नव्या, बास्केट जुनंच न्हवं? तीस वर्सं जुन्या प्लेटांनी हितं खाचा पाडल्यात. नव्या प्लेटंचा दात त्या खाचंत अडकतुय." मग कानशीने त्या खाचा हलक्या हाताने घासून सपाट केल्या, प्लेटा ऑइलच्या ताटलीत बुडवून ठेवल्या आणि म्हणाले, उद्या या. मंगळवारी आधी इंजिनाजवळचा स्क्रू लावला, मग हँडलकडची वायर. आम्ही नेमकं उलट केलं होतं. "क्लचला काय झालं हुतं आधी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मान हलवली. असले गिऱ्हाईक त्यांना नवे नसावेत.

गाडी आता खरंच छान ओढते. फक्त हार्ड स्प्रिंगांमुळे लिव्हर दाबताना मनगटापर्यंत जाणवतं. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत येईस्तोवर बोटं दुखायला लागतात. सातारा हे मुळात हाफ क्लचवर चालणारं गाव आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गाव वसलेलं, वरचा रस्ता, खालचा रस्ता आणि मधले चढाचे बोळ. चढावर पुढे भाजीची गाडी थांबली की मागचे सगळे ना धरलेले ना सोडलेले असे उभे राहतात.

आमच्याकडे आधी प्रिया स्कूटर होती. साताऱ्याच्याच एमआयडीसीत, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनायची, त्यामुळे ती आमच्या गावची मुलगी असल्यासारखं आम्ही तिच्याविषयी बोलायचो. अण्णा चालवायला, मी पुढे उभा, मागे आई, आईच्या मांडीवर ताई. माझ्या नाकासमोर अण्णांचा डावा हात. क्लच दाबून मूठच फिरवायची, तो गिअर. समर्थ मंदिराच्या चढाला त्या हातावरची शीर फुगायची आणि बोटं इतकी हळू उघडायची की ती उघडतायत हे कळायचंच नाही. स्कूटर मात्र मागे एक इंचही यायची नाही.

आरएक्स आली तेव्हा अण्णा सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि सगळ्या आळीने त्यांना विचारलं होतं, पोरासाठी घेतली का? ते म्हणाले, नाही, माझ्यासाठी. पण शिकवली मला. बोगद्याकडच्या चढावर गाडी उभी करायला लावली, खिशातून काडेपेटी काढली आणि मागच्या चाकाला टेकवून ठेवली.

"काडेपेटी दबता कामा नये."

"क्लच कधी सोडू?"

"सोडायचा नाही. सोडत राहायचं."

त्या संध्याकाळी तीन काडेपेट्या दबल्या. आणि मला दोन गोष्टी कळल्या. एक, हाफ क्लच. दुसरी, सिगारेट सोडली असं आईला सांगणाऱ्या माणसाच्या खिशात तीन काडेपेट्या असतात.

आता अण्णांचं वय 79. गाडी त्यांनी सात वर्षांपूर्वी बंद केली. आमच्या दुरुस्तीच्या सगळ्या काळात ते खुर्चीवर पेपर वाचत होते आणि एक अक्षर बोलले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी मी गाडी आणून लावली तेव्हा ते उठून आले. सीटवरून हात फिरवला, हँडल धरलं आणि सवयीने डाव्या हाताने क्लच दाबला. लिव्हर अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी उजवा हातही वर नेला, आणि तो तिथूनच मागे घेतला.

"क्लच जरा कडक झालाय," ते म्हणाले. मग चहा झाला का विचारत आत गेले.

बुधवारी मी मिस्त्रींकडे पुन्हा गेलो. नव्या प्लेटा राहू द्या, स्प्रिंगा मात्र जुन्याच टाका म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही. भाच्याने फोनवर विचारलं, त्याला काहीतरी सांगितलं. गुरुवारी सकाळी अण्णा दूध घ्यायला पोर्चमध्ये गेले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. त्यांनी पिशवी उचलली, गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि चपला काढून आत आले.

नव्या स्प्रिंगा पेढ्यांच्या खोक्यात आहेत. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा.