सादळलेला कागद

२६ मे, रात्री ११

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, कालच लागलाय. दुपारी दोनला नागपुरात, आमच्या धरमपेठेत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि मुलीच्या प्रवेशाची १२ पानं आजच छापून हवी होती. झेरॉक्सवाला चारपर्यंत शटर पाडून झोपतो. म्हणजे घरचाच प्रिंटर.

पहिलं पान निम्मं आत जाऊन अडकलं. मग तीन पानं एकदम ओढली गेली. नंतर तर थप्पी समोर असताना ‘कागद नाही’ म्हणून दिवा लुकलुकायला लागला.

प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. अडकलेला कागद जायच्या दिशेनेच, दोन्ही हातांनी हळू ओढायचा. मागे उलटा ओढून आत राहिलेला तुकडा अक्कलखाती जमा आहे. कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर धूळ बसली होती. धुळीने रबराची पकड जाते, म्हणून ओलसर फडक्याने पुसला, वाळू दिला. पुन्हा तेच. मग कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकला. कागद अडकण्याशी ड्रायव्हरचा काय संबंध? पण तोवर मी हट्टाला पेटलो होतो.

आई दिवाणावरून बघत होती. “काय करून राहिला रे मघापासून?” उठली, वरचा कागद दोन बोटांत धरून चोळला, कुरडई वाळली का बघतात तसा. “सादळला ना हा! कूलरसमोर ठेवला तर दुसरं काय होईन?”

खरंच की. महिनाभर ते टेबल कूलरच्या थेट झोतात आहे. ताट्यांतून येणारी ओली हवा कागद पीत राहिला, मऊ पडला, कडा वाकल्या, पानाला पान चिकटलं. रोलर बिचारा एक धरायला जायचा नि तीन यायची. बाहेर ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो, माझ्या खोलीत मात्र आषाढ!

कपाटातलं बंद रिम फोडलं, २० पानं पत्त्यांसारखी फुलवून लावली. बाराच्या बारा निघाली. निळ्या रंगात दोन पांढऱ्या रेघा आल्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, नोझलमध्ये, कुठेतरी शाई सुकलीय. ती छिद्रं मोकळी करणारं हेड क्लीनिंग बरीच शाई खातं, ते उद्या.

टेबल आता भिंतीकडे सरकवलंय. जुनी थप्पी आईने पाचच्या उन्हात गच्चीवर कुरडयांशेजारी पसरली, कोपऱ्यांवर खडे ठेवून.