बुटातली वाळू

दुपारी अडीचच्या सुमारास गॅलरीत बूट उलटे करून एकमेकांवर आपटले आणि फरशीवर वाळूची एवढीशी ढिगली पडली. चिमटीत मावणार नाही आणि मूठही भरणार नाही. रांगोळी घालून झाल्यावर वाटीच्या तळाशी उरते, साधारण तेवढी.

ही वाळू चौपाटीची नव्हे की नदीची नव्हे. पॅडेल नावाचा टेनिससारखा एक खेळ आहे. त्याच्या कोर्टावर हिरवं खोटं गवत अंथरलेलं असतं, त्यात ही बारीक वाळू भरतात. तिच्यामुळे गवत आडवं पडत नाही आणि पाय टाकला की बूट जरासा सरकून मग थांबतो. हे ज्ञान मला नंतर झालं. पहिल्या दिवशी मी रोज फिरायला जायच्या बुटांवर गेले होते आणि बूट जे सरकले ते थांबेचनात. मग तळाला माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेले खास बूट आणले. तेव्हापासून, म्हणजे चारेक महिने, आमच्या घरात वाळू नाही अशी जागा नाही. मोज्यांत, गाडीत, सोफ्याच्या फटीत. एकदा तर कणकेच्या डब्याच्या झाकणावर सापडली. ती तिथे कशी पोचली याचा तपास मी मुद्दामच केला नाही.

या खेळाला चौघं लागतात. लेकीच्या कंपूतली चौथी मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि 'दुसरं कुणी मिळेपर्यंत आई चालेल' असं ठरलं. त्रेपन्नाव्या वर्षी माझी अशी वर्णी लागली. कोर्ट एका लग्नाच्या लॉनला खेटून आहे. इकडे आमचा खेळ चालू आणि पलीकडून मंगलाष्टकं. त्यातलं 'सावधान' नेमकं मी चेंडू मारायला हात मागे नेते तेव्हाच येतं, असं माझं निरीक्षण आहे. लेकीचं निरीक्षण असं, की ते आलं तरी काही उपयोग होत नाही.

शिकवणारा मुलगा सोलापूरचा, चोवीस-पंचवीसचा. पहिल्या आठवड्यात मला म्हणाला, "काकू, तुम्ही लई पळताय ओ."

मला वाटलं, कौतुक करतोय. मी आणखी पळाले.

पळणं हे माझं एकेकाळचं कर्तृत्व. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या खो-खो संघात मी होते. मैदानावर फक्कीच्या रेघा, दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पाटीवर आठ जणी एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे अशा उकिडव्या बसलेल्या. पाठलाग करणारीची मोठी पंचाईत असते. एकदा एका दिशेला निघाली की मागे फिरायचं नाही. खांबाला वळसा घाला, नाहीतर कुणाला तरी खो द्या. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. तिने पाटी ओलांडावी, हूल द्यावी, साखळी घालत बसलेल्यांच्या मधून नागमोडी निघून जावं. मी पळतीला चांगली होते. आमचे सर खेळाबद्दल फार बोलत नसत. त्यांचं एकच वाक्य होतं, "टाचेखाली निखारा आहे असं समजा." मार्चमध्ये सराव असला की समजायची गरज पडत नसे. आम्ही अनवाणी खेळायचो.

त्या काळात मैदानात वाऱ्यासारखी पळणारी मी घरात मात्र चपला फरफटत चालायचे. का, ते देवाला ठाऊक. बहुधा पायांना वाटत असावं की आपली ड्यूटी संपली. आईला तो आवाज सहन होत नसे. माजघरातून तिचा आवाज यायचा, "पाय उचल गं! चपला घासत आलीस की दारातली लक्ष्मी मागच्या मागे जाते." लक्ष्मीचं माहीत नाही, पण तो आवाज नकोसा होण्याचं व्यसन माझ्या कानांना लागलं ते कायमचं. अजूनही लिफ्टच्या रांगेत मागे कुणी स्लीपर घासत उभं असलं की माझ्या दातांना सणक येते. कोण आलं हे मला जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. वरच्या मजल्यावरचे भाऊजी टाचा आपटत उतरतात, त्यांच्या सूनबाई मांजरासारख्या. माणसाचा स्वभाव पत्रिकेत बघण्यापेक्षा तळव्याखाली बघावा, असं माझं मत आहे. ते घरात कुणी मनावर घेत नाही.

तर सोलापूरकर. त्याने मला पहिल्यांदा शिकवली ती एक उडी. समोरच्याची बॅट चेंडूला लागणार, त्या क्षणी आपण जागच्या जागी किंचित उडायचं आणि दोन्ही पाय फाकवून चवड्यांवर उतरायचं. उडी म्हणणंही जास्तच झालं. दारावरची बेल वाजली की आपण खुर्चीतल्या खुर्चीत जरा सावरून बसतो ना, तसं पायांनी करायचं. मग डावीकडे जावं लागो की उजवीकडे, पाय आधीच जागे असतात. हे मला लगेच जमलं. पाटीवर खो कधी मिळतोय याची वाट बघत बसलेलं अंग ते विसरलं नव्हतं. मुलगा खूश झाला, लेक चकित झाली, मी उगाच केस सारखे केले.

पण उडी झाल्यावर मी पळायचे. पॅडेलमध्ये बोंब होते ती इथेच.

हे कोर्ट म्हणजे २० मीटर बाय १० मीटरची एक पेटी. मागे काच, बाजूला थोडी काच आणि पुढे जाळी. चेंडू आपल्या बाजूला एकदा टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळतो आणि परत येतो. परत आल्यावर, दुसरा टप्पा पडायच्या आत, तो मारायची मुभा आहे. म्हणजे जो निसटला असं वाटतं, तो निसटलेला नसतोच. हे डोक्याला कळतं, पायांना नाही. माझे पाय चेंडू दिसला की धावत सुटतात. तो अर्ध्यात गाठायचा, ओढूनताणून कसाबसा मारायचा आणि तो जाळीत घालायचा. "जाऊ द्या, काकू," मुलगा बाहेरून ओरडतो. "जाऊ द्या त्याला! येतोय तो परत!"

आमच्या घरात 'जाऊ दे' हे दोनच प्रसंगी म्हणतात. भांडण मिटवताना, किंवा हिशेब लागत नसताना.

मग मी जाऊ द्यायला शिकले आणि नवीन घोळ सुरू केला. चेंडू मागे गेला की मीही त्याच्याबरोबर थेट काचेपर्यंत जायचे आणि पालीसारखी तिला चिकटून उभी राहायचे. चेंडू काचेवरून यायचा तो माझ्या पोटात. मुलाने हाताला धरून दाखवलं. आधी कुशीवर वळायचं, चेंडूला सोबत करत दोन-तीन बारकी पावलं मागे टाकायची, पण काचेपासून हात आणि बॅट मावेल एवढं अंतर राखून. तो आपल्याला ओलांडून जातो, काचेला लागतो, उलटतो आणि मग आपण त्याच्याच चालीने पुढे येत त्याला मारतो. घाईने मोठी टांग टाकली की संपलं, वळताच येत नाही. "लहान लहान पावलं, काकू. बारीक." सर्व्हिससुद्धा या खेळात अशीच बेताची. चेंडूचा टप्पा पाडून कमरेच्या वर न जाता खालून मारायची. आणि ती बॅट! तिला तारा नाहीत, नुसती भोकं. आमच्याकडे तिचं नाव झारा. "आई, झारा घेतलास का?" अशी हाक जिन्यात ऐकून शेजारणीला वाटतं, मी लेकीबरोबर कुठेतरी बुंदी पाडायला जाते.

भिंती खेळात घेणं ही कल्पना मेक्सिकोतल्या अकापुल्कोची. १९६९ साली तिथे एन्रिके कोरक्वेरा नावाच्या गृहस्थांना घरी टेनिस खेळायचं होतं आणि जागा पुरत नव्हती, म्हणून त्यांनी भिंतींसकट छोटं कोर्ट बांधलं. वाड्यात क्रिकेट खेळलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये. भिंतीला लागून आलेला एका हाताने झेलला तर आउट, हा कायदा आपण पोरासोरांनी अकापुल्कोला न विचारता केला होता. फरक इतकाच, की आपल्या खिडक्या फुटायच्या आणि त्यांची काच फुटत नाही. पुढे १९७४ मध्ये त्यांच्या मित्राने हा खेळ स्पेनला, मार्बेयाला नेला. त्या मित्राचं नाव अल्फोन्सो. हे ऐकल्यावर माझा या खेळावर विश्वास बसला. हापूसच्या नावाचा माणूस वाईट गोष्ट आणणार नाही.

डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू हे माझं खरं दुखणं. तो आला की मी तोंड पुढे ठेवून उलट्या पावली मागे पळत सुटते. तिसऱ्या आठवड्यात अशीच पळताना टाचेवर भार गेला आणि मी बसले. बसले म्हणजे बसलेच, पाटावर बसावं तशी. लॉनवर तेव्हा बँड सुरू झाला, हा निव्वळ योगायोग. आमची आजी सांगायची, तिन्हीसांजेला ओढ्याकाठी बाई दिसली तर आधी तिचे पाय बघावेत. उलटे असले तर मागे न बघता घर गाठावं. त्या संध्याकाळी मला कुणी ओढ्याकाठी पाहिलं असतं तर नक्की घर गाठलं असतं. उलटं पळायचं नसतंच. आडवं व्हायचं, खांदा जाळीकडे करायचा आणि पाय एकापुढे एक टाकत तिरकं मागे सरकायचं.

अशा तिरक्या चालीने मागे जाऊन डोक्यावरचा चेंडू जोर न लावता परतवायचा, त्या फटक्याला बांदेखा म्हणतात. शब्द स्पॅनिश. अर्थ तबक. वेटर हातावर तबक उचलून नेतो तसा हात, म्हणून तबक. हे कळलं आणि मी दोन मिनिटं हसत होते. तबक घेऊन तिरकं चालणं मला कुणी शिकवायचं? लग्नानंतर पंधरा वर्षं आमच्या दोन खोल्यांच्या घरात दर संक्रांतीला हळदीकुंकू झालंय. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस बायका, मांडीला मांडी लावून. मध्ये तबकात हळदीकुंकवाचे करंडे, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगुळाचा डबा. कुणाच्या जरतारी काठावर पाय पडता कामा नये, कुणाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायला हात मोकळा नाही. कोपऱ्यातल्या वन्संकडे जायचं तर कूस वळवायची, चवड्यावर यायचं, दोन जणींच्या मधल्या वितभर जागेत पाऊल उतरवायचं. तबक मात्र डगमगायचं नाही. त्यातलं पुन्हा मागे येणं अवघड, कारण तोवर कुणीतरी पाय पसरलेले असतात. हे मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग तर तुमचं बांदेखा झालंच की ओ." झालं नाही. तबक पडलं नव्हतं कधी, चेंडू दर वेळी पडतो.

जोडीदाराचं तर विचारूच नका. ती मागे गेली की आपण मागे, ती कडेला ओढली गेली की आपण मधे. दोघींच्या कमरेला एकच दोर बांधलाय असं समजायचं. एक बैल पुढे आणि एक मागे असला की जू वाकडं होतं, नांगरट वाकडी होते. लेकीला हे बैलाचं उदाहरण आवडलं नाही. पण आठवडाभर आम्ही दोघी कोर्टावर एकमेकींकडे न बघता एकत्र सरकायला लागलो होतो. गेल्या सहा-सात वर्षांत घरात आमचं असं क्वचित झालं होतं. मग ती चौथी मुलगी परत येण्याबद्दल काहीतरी बोलणं निघालं आणि मी विषय बदलला.

असो. मी सांगत होते वाळूचं.

आई आता माझ्याकडेच असते. ब्याऐंशीची आहे. दिवाळीच्या आधी न्हाणीघरापाशी पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्ट मुलगी दिवसाआड येते आणि हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत तिला वॉकर धरून चालवते. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. "आजी, घाई नाही. लहान लहान पावलं." ठक, मग स्लीपरचा फर्रर्र. ठक, फर्रर्र. मी भाजी चिरत असते आणि तो आवाज जवळ येत असतो. त्या दिवशी माझ्या तोंडात शब्द आलाच होता, सवयीने. मी सुरी खाली ठेवली आणि नळ सोडला.

तर दुपारी अडीच वाजता मी ढिगलीकडे बघत गॅलरीत उभी, आणि मागून ठक, फर्रर्र. आई दारापर्यंत एकटी आली होती. फिजिओच्या हिशेबात हे पुढच्या महिन्यात बसत होतं.

"कसली गं वाळू ही?"

"कोर्टावरची."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होते. "पळालीस का आज?"

"नाही, आज नाही पळाले," मी म्हटलं. "पळायचं नसतं त्यात."

तिला ते पटलं नाही, तिच्या तोंडावरूनच कळलं. वॉकर तिथेच टेकवून ती म्हणाली, "भरून घे ती आधी. सरकतं हे."

मी केरसुणीने भरली, मग ओलं फडकं फिरवलं. मग गुडघ्यावर बसून तिच्या खोलीपर्यंतची फरशी तळव्याने चाचपत गेले. मोरीपाशी दोन-चार कण हाताला लागले. फडकं पिळून पुन्हा फिरवलं. उद्यापासून बूट दाराबाहेर.