जे-१७ आज किती?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत स्प्रिंकलर लावायचा माझा वार बुधवार, कारण घराच्या नंबरचा शेवटचा आकडा ४. शून्य-एकवाल्यांचा सोमवार, आठ-नऊवाल्यांचा शुक्रवार. शनिवार-रविवार सगळ्यांचेच बंद. हे निर्बंध कधी लागू व्हायचे, ते ठरतं जे-१७ नावाच्या एका निरीक्षण विहिरीवरून.

शहराचं बरंचसं पाणी एडवर्ड्स भूजलसाठ्यातून, म्हणजे जमिनीखालच्या चुनखडकातून येतं. जे-१७ ची पातळी रोज मोजतात आणि टीव्हीवर हवामानाबरोबर सांगतात. दहा दिवसांची सरासरी समुद्रसपाटीपासून ६६० फुटांच्या खाली आली की निर्बंधांचा पहिला टप्पा, ६५० खाली दुसरा. शेजारचे आजोबा कुंपणापाशी भेटले की आधी हा आकडा सांगतात, मग गुडघेदुखी.

आकडे आम्हा लातूरकरांनाही पाठ असतात. मांजरा धरणात किती टक्के, हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. पण आपण आकडा ऐकून हळहळतो आणि कालवा समितीच्या बैठकीची वाट बघतो. इथे कुठल्या आकड्याला काय बंद होणार, हे आधीच लिहून ठेवलंय. पुढाऱ्याला फोन करून ६६० चे ६७० होत नाहीत. मला या एका गोष्टीचा मनापासून हेवा वाटतो.

हे शहाणपण आपसूक आलेलं नाही. या भूजलसाठ्यातून वाहणाऱ्या झऱ्यांमधल्या इंचभर माशांसाठी लोक कोर्टात गेले, तेव्हा १९९३ मध्ये उपशावर मर्यादा घालणारं प्राधिकरण कायद्याने आलं. १९९७ च्या कायद्याने टेक्सासचे १६ विभाग पाडले. १९५० च्या दशकासारखा दुष्काळ पुन्हा पडला तर काय, हे धरून प्रत्येक विभाग पुढच्या ५० वर्षांचा आराखडा करतो आणि दर पाच वर्षांनी तो सुधारतो.

ऑफिसात कुणीतरी २०१६ च्या लातूरच्या पाणी-रेल्वेचा विषय काढला, तेव्हा मात्र मी गप्प बसलो नाही. हिवरे बाजार सांगितलं: पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवणारं, शेतीसाठी बोअर न घेऊ देणारं गाव. शिवाय टेक्सासमध्येच जिथे असं नियंत्रण नाही, तिथे जमीनमालक आपल्या जमिनीतून हवं तेवढं पाणी उपसू शकतो. आणि शोभेच्या हिरवळीवर पिण्याचं पाणी उडवणाऱ्यांनी, भांडी धुतलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या आमच्या आयांना काटकसर शिकवू नये.

तरी आपल्याकडे काय कमी आहे? भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी मोजतातच. १५ ऑक्टोबरला धरणांचा साठा कळतोच. मग मांजरा कितीवर आली की उसाचं पाणी बंद, हे त्याआधीच छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा ना!