घोडीच्या चंदीत जवस: माझा अनुभव

माझी घोडी वयाने उतरणीला लागलेली. आयाळीखाली आणि शेपटीच्या मुळाशी सतत खाज, घासून घासून केस गेलेले, आणि खरारा कितीही केला तरी अंगावर तेज नाही. जवस द्यावं का, असं विचारल्यावर पशुवैद्यांनी आधी तिचे दात पाहिले, लीद तपासायला पाठवली, अंगावर उवा-गोचिडी आहेत का ते बघितलं. पोटात जंत असताना चंदीत काहीही घातलं तरी ते अंगी लागत नाही, त्यामुळे ही पायरी कुणीच गाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

मग त्यांनी विचारलं, हिरवं गवत किती मिळतं? जवळजवळ नाहीच. खरी मेख इथेच होती. ताज्या गवतात चरबी थोडीच असते, पण तिच्यातला मोठा वाटा ओमेगा-3 चा, म्हणजे कातडी-केसांना उपयोगी पडणाऱ्या एका प्रकारच्या स्निग्धाम्लांचा. गवत वाळलं की त्यातलं बरंचसं नाहीसं होतं. वर मका, ओट आणि कोंडा यांतून मिळतं ते मुख्यतः ओमेगा-6. जवसात साधारण 40 टक्के तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3. वाळल्या वैरणीवरच्या घोड्याला ते उपयोगी पडतं ते यामुळे. दिवसभर कुरणात चरणाऱ्या घोड्याला मात्र ते मुद्दाम द्यायची गरज मला दिसत नाही.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो जवस द्यायचं कसं याचा. उकळल्याशिवाय देऊ नये, हा जुन्या मोतद्दारांचा दंडक, आणि त्याला कारण आहे. दाण्यात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं असतात. दाणा फुटून ओला झाला की त्यातलंच एक विकर (एन्झाइम) त्यांच्यावर काम करतं आणि विषारी वायू सुटू लागतो. चांगली उकळी आली की ते विकर निकामी होतं. कोरडं दळलेलं जवस लगेच खाल्लं गेलं तर घोड्याच्या जठरातलं आम्लही ते विकर निकामी करतं. म्हणजे भीती आहे ती दळलेलं जवस गार किंवा कोमट पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवण्याची. अख्खे दाणे द्यावेत तर कवच टणक, पुष्कळसे तसेच लिदीत पडतात. म्हणून मी कोरडं दळून चंदीवर घालायचं आणि लगेच समोर ठेवायचं ठरवलं. दळलेलं जवस हवेने खवट होतं, त्यामुळे लागेल तेवढंच दळते. वास जरा जरी बदलला तरी टाकून देते.

सुरुवात चमचाभराने केली. घोड्याला पित्ताशय नसतं, पित्त सतत थोडं थोडं झिरपत राहतं, आणि वाढलेल्या तेलाची पोटाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लीद सैल वाटली की तिथेच थांबायचं, घट्ट झाली की पुढे जायचं. तिचं वजन 500 किलोच्या आसपास. हळूहळू वाढवत दिवसाला 150 ग्रॅमवर आणलं. जवसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो आणि तेल वाढलं की ई-जीवनसत्त्वाची गरजही वाढते. वाळल्या गवतात ते कमीच. पशुवैद्यांनी पूर्ण खुराकाचा हिशेब करून या दोन्हींची सोय केली.

जुने केस गळून नवे आले तेव्हा फरक स्पष्ट दिसला. हात फिरवला की कातडी मऊ लागते, उन्हात अंग चकाकतं. मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. खाज कमी झाली, पण गेली नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. चिलटांची ॲलर्जी असलेल्या घोड्यांना 42 दिवस जवस दिल्यावर चिलटांचा अर्क टोचून उठणारी गांधी लहान झाली होती. घोडे मात्र अवघे सहा होते. त्यामुळे मी चिलटांच्या वेळी तिला आत बांधते आणि अंगावर जाळीची झूल घालते, ते जवस सुरू झालं म्हणून सोडलेलं नाही.

खुरांबद्दल नालबंद अजून काही बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, पूर्ण नवं यायला वर्षभर लागतं. मधे तिच्या मानेवर चरबी साठायला लागली, तेव्हा चंदीतला मका कमी केला. जवस तेवढंच ठेवलं आहे.