बॅटरी बदलण्याआधी मल्टीमीटर लावावा

इंदूरमध्ये मोटारसायकलचा सेल्फ लागेनासा झाला की आधी नवी बॅटरी बसवली जाते आणि काही आठवड्यांत तीही उतरली की खापर बॅटरीवाल्यावर फुटते. रामबागेत शेजाऱ्यांच्या गाड्या तपासताना माझे मत असे झाले आहे की बॅटरी उतरणे हे पुष्कळदा दुसऱ्याच बिघाडाचे केवळ लक्षण असते.

गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टीमीटरने, म्हणजे व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह मोजणाऱ्या मीटरने, बॅटरीचे व्होल्टेज मोजावे. साध्या १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर १२.६ ते १२.८ आले, तर ती भरलेली आहे. १२च्या आसपास आले, तर ती बरीच उतरलेली असून, बाहेरून चार्ज केल्याखेरीज पुढच्या मोजमापांवर विसंबता येत नाही. घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मग इंजिन सुरू करून बॅटरीचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. एप्रिल २०१७पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर सतत पेटलेला असतो, त्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीची बॅटरी फारशी भरत नाही, आणि आयडलवर, म्हणजे रेस न देता, आकडा १३च्या आसपास दिसला म्हणून लगेच बिघाड समजू नये. सुमारे ५,००० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मात्र तो साधारणतः १३.५ ते १४.५च्या दरम्यान यावा. तो १५च्या वर गेला, तर व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर निकामी आहे, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात अशी गाडी बॅटरीतले पाणी झपाट्याने आटवते.

आकडा वाढलाच नाही, तर स्टेटरकडे, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलकडे, वळावे. थ्री-फेज स्टेटरच्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या, तीन वायरींचा कपलर (प्लास्टिकचा जोड) सोडवून, इंजिन सुरू ठेवून, प्रत्येक जोडीवर एसी व्होल्टेज मोजावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे असावेत आणि रेसबरोबर वाढावेत. एक जोडी मागे पडली, किंवा इंजिन बंद असताना कोणतीही वायर गाडीच्या बॉडीशी कंटिन्युइटी (विजेची सलग जोडणी) दाखवू लागली, तर कॉइल जळाली आहे. या चाचणीत तिन्ही आकडे ठीक आले, तर संशय रेक्टिफायर-रेग्युलेटरवर, म्हणजे एसीचे डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर, येतो. पण तो विकत घेण्याआधी कपलर डोळ्यांनी नीट पाहावा, कारण सैल पिनेवर उष्णता साठून प्लास्टिक तपकिरी पडते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या जोडणीपायी हजारोंचा भाग उगाच बदलला जातो. इंजिन चालू असताना रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह वायरीपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टची घट दिसली, तरी दोष वाटेतल्या जोडणीतच आहे. निगेटिव्ह बाजूही अशीच तपासावी, कारण गंजलेल्या अर्थिंगकडे (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी जोडणी) कोणी पाहत नाही.

चार्जिंग उत्तम असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवावी आणि मल्टीमीटर मिलीअ‍ॅम्पिअरवर ठेवून ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडावा. तो जोडलेला असताना चावी फिरवू नये किंवा सेल्फ मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. बहुतेक गाड्यांत काही मिलीअ‍ॅम्पिअरच दिसतात. आकडा मोठा असेल, तर एकेक फ्यूज काढत आकडा कशाने घटतो ते पाहत जावे; बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएस थेट बॅटरीला जोडलेला असेल, तर तो आधी वेगळा करून पाहावा.