ओर्चाच्या खोऱ्यात, गोठ्याच्या घरात आठ दिवस

जानेवारीतल्या एका रविवारी लॅपटॉपवर मी घरांचे फोटो दाखवत होते. टेकडीवरचं दगडी घर, सायप्रसच्या झाडांची रांग, निळा स्विमिंग पूल. आईने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अगं, पण यांच्या शेतात पिकतं काय?"

कुठल्याच फोटोखाली ते लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमची शोधाशोध बदलली. इटलीत जायचं, एकाच ठिकाणी राहायचं आणि ते खऱ्या शेतकऱ्याच्या घरी, एवढं पक्कं ठरलं. प्रदेशही ठरला: तोस्काना म्हणजे टस्कनीच्या दक्षिणेचं वाल दोर्चा, म्हणजे ओर्चा नदीचं खोरं. सिएना शहराच्या खालच्या अंगाला पिएन्झा, सान क्विरिको, मोंताल्चिनो अशी गावं टेकड्यांवर बसली आहेत आणि दक्षिणेला मोंते आमियाता हा १७३८ मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी. २००४ साली युनेस्कोने हे सगळं खोरं जागतिक वारसा ठरवलं, ते माणसाने घडवलेल्या शेतजमिनीच्या देखण्या रूपासाठी. वारसा म्हणून शेतं! शेतकऱ्याच्या घरातली आई हे वाचून गप्पच झाली होती.

लेकीच्या शाळेमुळे आम्हाला मेशिवाय सवड नाही, आणि मे इथे फार चांगला महिना आहे. पण एक सांगते, या खोऱ्याचा रंग महिन्यामहिन्याला बदलतो, तेव्हा तिकिटं काढण्याआधी पिकाचं वेळापत्रक बघा. एप्रिल-मेमध्ये गहू हिरवा असतो आणि बांधांवर लाल पॉपीची फुलं. जूनच्या शेवटी शेतं सोनेरी होतात, जुलैत कापणी होते. ऑगस्टमध्ये गेलात तर नांगरलेली राखाडी ढेकळं दिसतील. त्यालाही एक सौंदर्य आहे, पण हिरव्या टेकड्यांचे फोटो बघून गेलेला माणूस हिरमुसतो. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि ऑलिव्हची त्यानंतर.

आता घराबद्दल. इटलीत 'आग्रितुरिझमो', म्हणजे शेतावरची पाहुण्यांची राहण्याची सोय, हा शब्द कुणीही उठून पाटीवर लिहू शकत नाही. त्यासाठी १९८५ मध्ये कायदा झाला आणि २००६ मध्ये तो नव्याने आला. चालवणारा शेतकरी हवा, शेती हा मुख्य धंदा हवा आणि पाहुणे त्याच्या जोडीला, असा त्याचा गाभा. नुसतं सुट्टीसाठी भाड्याने दिलेलं घर ते 'कासा वाकान्झे'. तेही छान असू शकतं, पण आम्हाला ते नको होतं. शिवाय २०२५ पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, त्याला तिथे 'चिन' म्हणतात. जाहिरातीत तो दिसला पाहिजे. एक घर आम्हाला फार आवडलं होतं, पण क्रमांक विचारल्यावर उत्तर टाळलं गेलं आणि वर सगळे पैसे थेट खात्यात भरा असा आग्रह सुरू झाला. आम्ही तिथेच थांबलो. दोन दिवस वाईट वाटलं, पण झालं ते बरंच झालं.

मी शेवटी पाच घरांना सारखंच पत्र पाठवलं. काय पिकवता? डांबरी रस्ता सोडल्यावर कच्चा रस्ता किती? माझ्या आईचे गुडघे दुखतात, तर पायऱ्या किती? गरम करण्याचा खर्च, चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई हे भाड्यात धरलं आहे की वेगळं? तिघांनी छापील उत्तर पाठवलं. एकाने काहीच नाही. आणि एका बाईंनी गहू, ऑलिव्ह, थोडे हरभरे, चाळीस मेंढ्या असं सगळं सविस्तर लिहून पुढे लिहिलं होतं की तुमच्या आईंसाठी खालचं घर देते, तो पूर्वी गोठा होता, एकही पायरी नाही.

मोसमात इथली बहुतेक घरं शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. जागा पक्की करायला 'कापार्रा' म्हणजे बयाणा द्यावा लागतो. आमच्याकडून तीस टक्के घेतला. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे व्हिसा मिळायच्या आधीच बयाणा जातो. म्हणून व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारून घ्या. आम्हाला 'हो' असं उत्तर आलं आणि तेच पत्र मी अर्जासोबत जपून ठेवलं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, निदान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीत गर्दी उसळते, तेव्हा फेब्रुवारीतच उरकून टाका. घरमालकाला प्रत्येकाच्या पासपोर्टचा तपशील पोलिसांकडे नोंदवावा लागतो, त्यामुळे त्यांनी पासपोर्ट मागितला तर दचकू नका. माणशी पर्यटक कर मात्र तिथे गेल्यावर वेगळा भरायचा.

गाडीशिवाय हे खोरं नाही, हे मी अगदी ठासून सांगेन. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. गिअरची गाडी नको असेल तर आधीच ऑटोमॅटिक मागा, आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी सीट सक्तीची आहे. टोलनाक्यावर पिवळ्या रंगाची रांग टाळा, ती फक्त टोल आपोआप भरणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. जुन्या गावांत 'झेड टी एल' असं लिहिलेल्या पाटीपुढे बाहेरच्या गाडीला बंदी आहे. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो. गाडी गावाबाहेर लावून चालत वर जाणं उत्तम. आईलाही ते जमलं, सावकाश, मध्ये दोनदा बसून.

रोमच्या विमानतळापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. महामार्ग सोडून क्यूझीला बाहेर पडलो आणि तिथेच भाजी, दूध, लोणी घेऊन टाकलं, कारण खेड्यातली दुकानं दुपारी बंद होतात आणि रविवारचा भरवसा नसतो. शेवटचे दोन किलोमीटर पांढऱ्या मुरमाचा रस्ता. गाडीमागे धुळीचा लोट आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढा गहू.

त्या गोठ्याबद्दल मला लिहायचंच आहे. आत शिरल्यावर डाव्या भिंतीत ओळीने लोखंडी कड्या होत्या, बैल बांधायच्या. एक कडी दावणीच्या दोराने घासून एका बाजूला इतकी पातळ झाली होती की तिथे बोट टेकवलं तर खाच लागत होती. दगडी गव्हाणीत आता पुस्तकं आणि नकाशे ठेवलेत. आई खुर्ची ओढून त्या कडीपाशी बसली. तिच्या माहेरी, अमरावतीकडे, गोठ्यात अशाच कड्या होत्या.

मालकीणबाईंनी सांगितलं की वर माणसं आणि खाली किआनीना जातीचे पांढरे बैल. जनावरांची ऊब हिवाळ्यात वरच्या खोल्यांना मिळायची. शेत जमीनदाराचं, राबायचं कुळाने आणि पीक निम्मं-निम्मं. त्या पद्धतीला 'मेझ्झाद्रिया' म्हणतात, म्हणजे आपली अर्धेलीच. शतकानुशतकं चाललेली ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर मोडत गेली, माणसं कारखान्यांकडे निघून गेली आणि १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायलाच बंदी आली. घरं ओस पडली. रिकाम्या रानांवर सार्डिनिया बेटावरून धनगर कुटुंबं मेंढ्या घेऊन आली आणि पिएन्झाचं आजचं पेकोरिनो चीज बऱ्याच अंशी त्यांच्या हातचं आहे. पुढे पाहुण्यांच्या भाड्यातून छपरं दुरुस्त झाली. आपण देतो त्या पैशाचं काय होतं, ते अशा घरात समोर दिसतं.

पहिल्याच संध्याकाळी ओव्हन, इलेक्ट्रिक किटली आणि वॉशिंग मशीन एकदम चालू केलं आणि सगळं घर अंधारात गेलं. इथल्या घरांना साधारणपणे तीनच किलोवॉटची जोडणी असते. दोन मोठी उपकरणं एकत्र लावायची नाहीत, हे पाहुण्यांना आधी सांगायला हवं. आम्ही बॅटरीच्या उजेडात मेन स्विच शोधला.

दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप-पेढे घरीच ठेवले होते. पण तिथलं लोणी बिनमिठाचं. आईने ते कढवलं आणि दुसऱ्या सकाळी गोठाभर तुपाचा वास होता. हरभऱ्याचं पीठ तिथल्या दुकानात मिळतं. पिठलं झालं, आणि तोस्कानाचा पावही बिनमिठाचाच असतो, तो पिठल्याबरोबर इतका जमला की आम्ही तीनदा केलं.

बुधवारी मालकीणबाईंच्या सासूबाईंनी पिची, म्हणजे तिथला हाताने वळलेला जाड पास्ता, करून दाखवली. गव्हाचं पीठ, पाणी, थोडं ऑलिव्ह तेल, अंडं नाही. पिठाची गोळी फळीवर ठेवून तळहाताने पुढे ढकलत ढकलत लांब दोरी करायची. आईने दोन मिनिटं बघितलं, बांगड्या मागे सारल्या आणि वळायला बसली. आमच्याकडे वळवट करतात तसंच, फक्त जाड. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं. आजींनी आईची दोरी उचलून उजेडात धरली, बारीक आणि एकसारखी, आणि सुनेला हाक मारून दाखवली.

फिरणं थोडकंच केलं. पिएन्झा दोनदा. हे पूर्वीचं कोर्सिन्यानो, पोप पायस दुसरा यांचं जन्मगाव. पोप झाल्यावर त्यांनी बेर्नार्दो रोसेल्लिनो या वास्तुकाराकडून १४५९ पासून तीन वर्षांत ते नवं घडवून घेतलं. चर्चचा मागचा भाग उतारावर खचतो आहे, आत उभं राहिलं की जमिनीचा कल पायांना जाणवतो. बान्यो विन्योनीला गावाच्या चौकाच्या जागी चक्क गरम पाण्याचं कुंड आहे. त्यात उतरू देत नाहीत, पण खालच्या पडक्या गिरण्यांपाशी ओहोळात पाय सोडून बसता येतं. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही तिथे अख्खी सकाळ दिली. जवळच्या मोंतेपुल्चानो गावाला गेलोच नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शनिवारी निघायच्या आधी बाई आणि त्यांचे यजमान शेताच्या कडेला उभे होते. यजमानांनी एक लोंबी खुडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणा दाताखाली धरला. आईने हात पुढे केला. त्यांनी चार दाणे तिला दिले. तिने चावून बघितले.

"चिकात आहे अजून," ती मला म्हणाली. "ओंब्या होतील याच्या. विचार त्यांना, मूठभर घेऊ का?"

मी विचारलं. मग गाडीत बॅगा भरून झाल्या होत्या तरी आम्ही पुन्हा आत गेलो, गॅसवर लोंब्या भाजल्या, आणि ताटात चोळून त्यांच्या घरच्यांनी आणि आम्ही सगळ्यांनी गरम गरम खाल्ल्या. आजी दाणे एकेक करून खात होत्या आणि मध्येच थांबून तळहाताचा वास घेत होत्या.